डोंगल आणि लॅन अडॅप्टर एकाच लिनक्सवर नांदवताना

“फोन वायरने जोडला ना, की डोंगलपण चालायला लागतो. फोन काढून मशीन पुन्हा चालू केलं, की डोंगल मेला.”

मामा हे तीनदा म्हणाला आणि तिन्ही वेळा मी ते सोडून दिलं. फोनचा आणि डोंगलचा काय संबंध? पण संबंध होता, आणि त्याच वाक्यात डोंगल आणि लॅन अडॅप्टरच्या भांडणाचं मूळ होतं. ते कळायला मला दोन रविवार लागले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

मामा राजापूरजवळ राहतो. पावसाळ्यात झाड पडलं की इंटरनेटची केबल तुटते, म्हणून त्याने ४जी डोंगल (सिम घालून यूएसबीला लावायचं मोबाइल नेटचं यंत्र) घेऊन ठेवला आहे. लॅपटॉप बारीक अंगाचा असल्यामुळे त्याला लॅनचं पोर्ट नाही. त्यासाठी यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर आहे. म्हणजे दोन्ही वस्तू यूएसबीवरच, आणि लिनक्सच्या दृष्टीने दोन्ही ‘नेटवर्क कार्ड’च. जूनमध्ये लॅन अडॅप्टर कधी नीट चालायचा, कधी अडखळायचा. मी इंटरनेटवर शोधलं. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच सल्ला होता: ‘सीडीसी-ईथर’ नावाचा ड्रायव्हर (वस्तू चालवणारा छोटा प्रोग्राम) काळ्या यादीत टाका, म्हणजे त्यावर बंदी घाला. मी टाकला आणि अडॅप्टर सुधारला. तीन आठवड्यांनी केबल तुटली, मामाने डोंगल लावला, आणि काहीच झालं नाही.

कारण डोंगलही त्याच ड्रायव्हरवर चालत होता.

म्हणून आधीच सांगतो: अडचण एका वस्तूची असेल तर उपाय त्या वस्तूपुरताच करा. ड्रायव्हर सगळ्या घराचा असतो. एका पाहुण्याशी पटत नाही म्हणून घराचं दार बंद केलं, तर बाकीचेही बाहेरच राहतात.

आज्ञा कशा वाचायच्या

या सगळ्या आज्ञा मी मामाला फोनवर सांगितल्या, इथेही तशाच देतो. जोडरेघेने तोडलेली अक्षरं सलग टंकायची, रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत. दोन तुकड्यांमध्ये मोकळी जागा दिसली की तिथे स्पेसबार. ‘डॅश’, ‘डॉट’, ‘स्लॅश’, ‘अंडरस्कोर’ असे शब्द आले की ती चिन्हं टंकायची. आकडे इंग्रजी. ज्या आज्ञेच्या आधी ‘एस-यू-डी-ओ’ आहे ती पासवर्ड मागेल. पासवर्ड टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. मामा तिथे दहा मिनिटं अडला होता, म्हणून आवर्जून सांगितलं.

पूर्वीचं भांडण वेगळं होतं

जुन्या लेखांमध्ये ‘आयआरक्यू’ची भांडणं सोडवायला सांगितलेली दिसतात. तो सल्ला आज लावू नका, पण तो कुठून आला ते समजून घ्या. आयएसए स्लॉटच्या काळात प्रत्येक कार्डाला प्रोसेसरचं लक्ष वेधायला एक ठराविक क्रमांकाची तार लागे, तीच आयआरक्यू. सीरियल पोर्ट कॉम १ आणि कॉम ३ यांची तार ४ क्रमांकाची, कॉम २ आणि कॉम ४ यांची ३ क्रमांकाची. एनई२००० जातीची लॅन कार्डं बरेचदा ३ वरच बसवलेली असत. मोडेम कॉम २ वर असला की दोघं एकाच तारेवर यायचे आणि फोन लागताक्षणी लॅन गप्प व्हायचं. उपाय म्हणजे कार्डावरचा जंपर हलवणं. पीसीआय हे नवे स्लॉट आल्यावर तार वाटून घेता येऊ लागली, आणि पुढे तारेऐवजी निरोप पाठवायची पद्धत आली. यूएसबीवरच्या वस्तूंना तर स्वतःची तारच नसते.

म्हणून आजचं भांडण तारेचं नसतं. ते तीनपैकी एका गोष्टीवरून होतं: वस्तू कुठल्या ड्रायव्हरने उचलली, वस्तू कुठल्या वेषात आली, आणि दोन्ही चालू असताना बाहेरचा रस्ता कोणाचा. याच क्रमाने तपासायचं. तिसऱ्यापासून सुरुवात केलीत तर भलतीकडे जाल.

आधी नुसतं पाहा, काही बदलू नका

दोन्ही वस्तू लावा, मिनिटभर थांबा आणि टर्मिनल (आज्ञा टंकायची खिडकी) उघडून टंका: ‘एल-एस-यू-एस-बी’. यूएसबीवरच्या सगळ्या वस्तूंची यादी येईल. प्रत्येक ओळीत मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं (:) असलेला क्रमांकांचा जोड असतो. विसर्गाआधीचे चार आकडे किंवा अक्षरं कंपनीची, नंतरचे चार त्या वस्तूचे. वहीत दोन्ही जोड लिहून घ्या. पुढे सगळीकडे हेच लागणार आहेत. मामाचा डोंगल हुआवेचा ई३३७२ होता. त्याची ओळख ‘१२डी१:१४डीसी’.

मग टंका: ‘एल-एस-यू-एस-बी डॅश-टी’. हीच यादी आता झाडासारखी येते आणि प्रत्येक ओळीत ‘ड्रायव्हर’ या शब्दापुढे नाव असतं. या संपूर्ण लेखातली सगळ्यात उपयोगी आज्ञा हीच. कोणी काय धरलं आहे ते इथे उघड दिसतं. लॅन अडॅप्टरसमोर सहसा ‘आर८१५२’ दिसायला हवं, कारण बाजारातल्या गिगाबिट यूएसबी अडॅप्टरांपैकी बऱ्याचशांच्या पोटात रिअलटेकची आरटीएल८१५३ चिप असते आणि तिचा खास ड्रायव्हर हा आहे. डोंगलसमोर ‘सीडीसी-ईथर’ दिसावं. नावाच्या मधला जोड प्रत्यक्षात अंडरस्कोर असतो. ड्रायव्हरची जागा रिकामी असेल किंवा तिथे ‘नन’ असेल, तर त्या वस्तूला कोणीच वाली नाही.

मामाच्या मशीनवर मी बंदी घालण्याआधी अडॅप्टर आणि डोंगल, दोघांसमोरही सीडीसी-ईथरच होतं. ते तेव्हाच नीट पाहिलं असतं, तर बंदी घालताना माझा हात थांबला असता.

आणखी एक खिडकी उघडी ठेवा: ‘एस-यू-डी-ओ डी-एम-ई-एस-जी डॅश-डब्ल्यू’. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जे काही बोलतो ते इथे चालू वर्णनासारखं येत राहतं. वस्तू काढून पुन्हा लावा आणि वाचा. सगळं समजलं नाही तरी चालेल. ड्रायव्हरची नावं आणि ‘डिस्कनेक्ट’ हा शब्द, एवढंच शोधा.

डोंगल वेष बदलून येतो

असले बरेच डोंगल मशीनला लावल्याबरोबर मोडेम नसतातच. ते आधी सीडी ड्राइव्ह म्हणून येतात, कारण त्यात विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर साठवलेलं असतं. ई३३७२ चा हायलिंक प्रकार पहिल्यांदा ‘१२डी१:१एफ०१’ या ओळखीने येतो आणि ‘यूएसबी-स्टोरेज’ ड्रायव्हर त्याला उचलतो. लिनक्सवर ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचा छोटा प्रोग्राम त्याला एक निरोप धाडतो. मग डोंगल स्वतःला तोडून पुन्हा जोडतो आणि ‘१४डीसी’ म्हणून उभा राहतो.

तेव्हा डोंगल यादीत असून यूएसबी-स्टोरेजलाच चिकटून राहिला असेल, तर ते ड्रायव्हरांचं भांडण नव्हे, वेष बदललेलाच नाही. सॉफ्टवेअर सेंटरमधून यूएसबी-मोडस्विच बसवा, डोंगल काढून लावा. बहुतेकदा एवढ्यानेच काम होतं.

हायलिंक डोंगल वेष बदलल्यावर मोडेमसारखा वागत नाही. तो स्वतःच एक छोटा राउटर असतो. तुमच्या मशीनला १९२.१६८.८.१०० असा पत्ता देतो आणि स्वतः १९२.१६८.८.१ वर बसतो. ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकला की त्याचं पान उघडतं, सिमची रेंज दिसते. म्हणूनच लिनक्स त्याला लॅन कार्ड समजतो. पुढे रस्त्याची गडबड होते तीही यामुळेच.

मोडेम म्हणून येणाऱ्या जुन्या ३जी डोंगलांची तऱ्हा निराळी. ते ‘ऑप्शन’ नावाच्या ड्रायव्हरने सीरियल पोर्ट होऊन बसतात. तिथे भांडण ड्रायव्हरांचं नसून दोन प्रोग्रामांचं असतं: पाठीमागे चालणारा मोडेममॅनेजर तो पोर्ट धरून असतो आणि जुना लेख वाचून तुम्ही डब्ल्यूव्हीडायल हा फोन लावणारा जुना प्रोग्राम चालवता. एका रिसीव्हरवर दोघं बोलायला बसले तर कोणाचंच धड ऐकू जात नाही. नवख्याने मोडेममॅनेजरलाच काम करू द्यावं आणि जोडणी नेटवर्कच्या चिन्हातून करावी.

लॅन अडॅप्टरला दोन चेहरे

आता मूळ दुखणं. आरटीएल८१५३ चिप स्वतःचं वर्णन दोन प्रकारे देते. पहिलं वर्णन खास रिअलटेकच्या पद्धतीचं, ते आर८१५२ ला समजतं. दुसरं सर्वमान्य पद्धतीचं, ते सीडीसी-ईथरला समजतं. यूएसबीच्या भाषेत यांना ‘कॉन्फिगरेशन’ १ आणि २ म्हणतात. समोर खास आणि सर्वमान्य असे दोन पर्याय आले, तर लिनक्सचा यूएसबी विभाग सहसा सर्वमान्य उचलतो. धोरण म्हणून ते योग्यच आहे, कारण खास ड्रायव्हर नसला तरी वस्तू निदान चालावी. पण मग दार वाजवायला सीडीसी-ईथरही येतो.

हे टाळायला सीडीसी-ईथरमध्ये क्रमांकांची एक यादी लिहिलेली आहे: हे अडॅप्टर माझे नाहीत, मी बाजूला होतो. रिअलटेकचा स्वतःचा ‘०बीडीए:८१५३’ त्यात आहे. पंचाईत होते ती दुसऱ्या कंपन्यांची. तीच चिप घेऊन त्या स्वतःचा क्रमांक छापतात, आणि तो यादीत चढेपर्यंत वेळ जातो. लिंक्सिसच्या यूएसबी३जीआयजीव्ही१ या अडॅप्टरचा क्रमांक २०१७ मध्ये चढवला गेला, तोवर तो सीडीसी-ईथरकडेच जायचा. २.५ गिगाबिटच्या आरटीएल८१५६ चिपची कथा अशीच. २०२१ च्या ५.१३ कर्नलपासून आर८१५२ तिला ओळखू लागला. त्याआधी तिला ‘सीडीसी-एनसीएम’ सांभाळायचा, आणि काही डोंगलही त्याच घरचे.

म्हणून कशालाही हात लावण्याआधी कर्नल ताजा करा. सिस्टम अपडेट करून मशीन पुन्हा चालू करा आणि पुन्हा ‘एल-एस-यू-एस-बी डॅश-टी’ पाहा. २०२३ अखेरीच्या बदलांनंतर तर हे दोन चेहऱ्यांमधलं निवडणं आर८१५२ स्वतःच्या हातात घेतो. तुमचं भांडण इथेच मिटलं तर पुढचा भाग वाचायची गरज नाही. मामाकडे जुनी, दीर्घ मुदतीची आवृत्ती होती आणि त्याच्या नेटवर अख्खी सिस्टम बदलणं शक्य नव्हतं.

त्याच्या अडॅप्टरचा क्रमांक आर८१५२ च्या यादीत होता, पण सीडीसी-ईथरच्या ‘बाजूला होतो’ यादीत नव्हता. मशीन चालू होताना जो आधी पोहोचेल त्याचा अडॅप्टर. म्हणून एक दिवस चांगला, एक दिवस वाईट. तुमच्याकडेही ‘कधी चालतं, कधी नाही’ असं असेल, तर चांगल्या दिवशी आणि वाईट दिवशी दोन्ही वेळा ड्रायव्हरचं नाव टिपून ठेवा. आणखी एक खूण: लिनक्सच्या काही वितरणांत (उबुंटू, फेडोरा ही वितरणंच) कार्डाचं नाव जागेवरून ठरतं आणि अडॅप्टर दुसऱ्या चेहऱ्याने आला की नावाच्या शेवटी ‘सी२’ लागतं. नाव बदललं की जुन्या नावाला बांधलेली सेटिंग्ज लागू होत नाहीत, आणि माणसाला वाटतं की कार्डच बिघडलं.

जुनी बंदी शोधा आणि उठवा

तुम्ही किंवा तुमच्या मदतीला आलेल्या कोणी आधी काही बंदी घातली असेल, तर ती आधी निघायला हवी. टंका: ‘जी-आर-ई-पी डॅश-आर ब्लॅकलिस्ट स्लॅश-ई-टी-सी-स्लॅश-एम-ओ-डी-प्रोब-डॉट-डी’. यादी लांब येईल. त्यातल्या बऱ्याच ओळी वितरणाने मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्यांना हात लावू नका. फक्त सीडीसी-ईथर, सीडीसी-एनसीएम, आर८१५२ अशी नावं शोधा. ज्या फाइलमध्ये सापडतील ती ‘एस-यू-डी-ओ नॅनो’ने (नॅनो म्हणजे टर्मिनलमध्ये फाइल लिहायचा प्रोग्राम) उघडून त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका. ओळ पुसू नका. उद्या मागे जायचं झालं तर ती हवी.

एवढ्याने होत नाही. मशीन चालू होताना सुरुवातीला एक छोटी फाइल-प्रणाली वापरली जाते आणि बंदीची प्रत तिच्यातही असू शकते. उबुंटू, डेबियन, मिंटवर ती नव्याने बनवायची आज्ञा: ‘एस-यू-डी-ओ अपडेट-डॅश-आय-एन-आय-टी-रॅम-एफ-एस डॅश-यू’. फेडोरावर: ‘एस-यू-डी-ओ डी-आर-ए-सी-यू-टी डॅश-डॅश-फोर्स’. मग मशीन पुन्हा चालू करा.

आता मामाचं कोडं. काळी यादी ड्रायव्हरला पूर्ण रोखत नाही. वस्तू दिसल्यावर कर्नलने तो आपोआप आणू नये, एवढंच ती सांगते. दुसऱ्या ड्रायव्हरला त्याची गरज पडली तर तो येतोच. फोनचं इंटरनेट यूएसबीने घेताना बऱ्याच अँड्रॉइड फोनांना ‘आरएनडीआयएस-होस्ट’ हा ड्रायव्हर लागतो, आणि तो उभा आहे सीडीसी-ईथरच्या खांद्यावर. मामाने फोन जोडला की आरएनडीआयएस आला, त्याने सीडीसी-ईथरला सोबत आणलं, आणि डोंगलला त्याचा ड्रायव्हर मिळाला. मशीन पुन्हा चालू केलं की सगळं पहिल्यासारखं. मामाचं निरीक्षण शब्दन् शब्द बरोबर होतं. मदत करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की समोरचा माणूस कितीही विचित्र वाटणारं लक्षण सांगत असला, तरी ते लिहून घ्या.

उपाय त्या एका वस्तूपुरता

बंदी उठवली की अडॅप्टरचं जुनं दुखणं परत येईल. आता ते नीट बरं करायचं. अडॅप्टरला फक्त सांगायचं की तू पहिला चेहरा घे. आधी तात्पुरतं करून बघा:

‘एस-यू-डी-ओ यू-एस-बी-अंडरस्कोर-मोडस्विच डॅश-व्ही वेंडर डॅश-पी प्रॉडक्ट डॅश-यू १’

‘वेंडर’ आणि ‘प्रॉडक्ट’ यांच्या जागी वहीत लिहिलेल्या अडॅप्टरच्या जोडातले विसर्गाआधीचे आणि नंतरचे चार-चार टंकायचे. डोंगलचे नव्हे. घाईत हे उलटं होतं, म्हणून एकदा मोठ्याने वाचा. आज्ञा दिल्यावर पुन्हा ‘एल-एस-यू-एस-बी डॅश-टी’. अडॅप्टरसमोर आर८१५२ आणि डोंगलसमोर सीडीसी-ईथर दिसलं, की रोगाचं निदान पक्कं झालं.

अडॅप्टरसमोरची जागा रिकामी झाली तर? त्याचा अर्थ आर८१५२ च्या यादीत हा क्रमांकच नाही. घाबरू नका, वस्तू काढून पुन्हा लावली की आधीची स्थिती येते. त्या वस्तूला नवा कर्नलच हवा, किंवा तोवर तिला सीडीसी-ईथरवरच चालू द्या. ती चालतेच, फक्त चिपच्या खास सोयी हाती येत नाहीत.

निदान जमलं असेल तर ते कायम करायला एक नियम लिहायचा. नव्या वस्तू आल्या की त्यांची सरबराई करणारी ‘यू-डेव्ह’ नावाची व्यवस्था तो पाळते. फाइल उघडा:

‘एस-यू-डी-ओ नॅनो स्लॅश-ई-टी-सी-स्लॅश-यू-डी-ई-व्ही-स्लॅश-रूल्स-डॉट-डी-स्लॅश-५०-डॅश-लॅन-डॉट-रूल्स’

आत एकच ओळ लिहायची, चार तुकड्यांची, प्रत्येक तुकड्यानंतर स्वल्पविराम. पहिला तुकडा: कॅपिटल अक्षरांत ‘ए-सी-टी-आय-ओ-एन’, दोन बरोबरची चिन्हं, दुहेरी अवतरणात छोट्या अक्षरांत ‘ए-डी-डी’. दुसरा: कॅपिटल ‘ए-टी-टी-आर’, लगेच महिरपी कंसात ‘आय-डी-वेंडर’ ज्यातला व्ही कॅपिटल, दोन बरोबर, अवतरणात कंपनीचा क्रमांक. तिसरा: तसंच कॅपिटल ‘ए-टी-टी-आर’, महिरपी कंसात ‘आय-डी-प्रॉडक्ट’ ज्यातला पी कॅपिटल, दोन बरोबर, अवतरणात वस्तूचा क्रमांक. चौथा: पुन्हा ‘ए-टी-टी-आर’, महिरपी कंसात ‘बी-कॉन्फिगरेशन-व्हॅल्यू’ ज्यातले सी आणि व्ही कॅपिटल, आणि इथे एकच बरोबर, अवतरणात १. चौथा शेवटचा, त्याच्यापुढे स्वल्पविराम नको.

बरोबरच्या चिन्हांचा हा फरक महत्त्वाचा आहे. दोन चिन्हं म्हणजे प्रश्न: वस्तू नवीन आली आहे का, तिची कंपनी हीच का, क्रमांक हाच का? एक चिन्ह म्हणजे हुकूम: मग हे मूल्य लिही. सगळ्या प्रश्नांना हो आलं तरच हुकूम चालतो, म्हणून डोंगलला या नियमाची झळ लागत नाही. शेवटी चुकून दोन चिन्हं टाकलीत तर हुकमाचाही प्रश्न होतो आणि नियम काहीच करत नाही.

जतन करा, ‘एस-यू-डी-ओ यू-डी-ई-व्ही-ए-डी-एम कंट्रोल डॅश-डॅश-रीलोड’ द्या, अडॅप्टर काढून लावा. मग मशीन निदान चार वेळा बंद-चालू करून प्रत्येक वेळी ड्रायव्हर पाहा. शर्यतीचा रोग एकदा चालू करून बरा झाल्याचं कळत नाही.

डेस्कटॉपमध्ये आतल्या पीसीआय कार्डाचं असं झालं, तर बघायची आज्ञा ‘एल-एस-पी-सी-आय डॅश-के’. तिथे प्रत्येक कार्डाखाली सध्या वापरात असलेला ड्रायव्हर आणि चालू शकणारे ड्रायव्हर अशा दोन ओळी येतात. रिअलटेकच्या कार्डांबाबत आर८१६९ आणि वेगळा बसवलेला आर८१६८ ही जोडी नेहमीची. आर८१६८ चं पॅकेज स्वतःच आर८१६९ वर बंदी घालतं, त्यामुळे मशीनमधलं दुसरं रिअलटेक कार्ड गप्प होऊ शकतं. खास कारण नसेल तर कर्नलसोबत येणारा आर८१६९ ठेवा आणि दुसरा काढून टाका.

आता रस्त्याचा प्रश्न

दोघांना आपापले ड्रायव्हर मिळाले, दोघं चालू झाले, आणि तरी नेट कुर्मगतीने चालतं किंवा डोंगलचा डेटा संपत जातो. ‘आय-पी रूट’ टंकून पाहा. ‘डीफॉल्ट’ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील आणि प्रत्येकीच्या शेवटाकडे ‘मेट्रिक’ नावाचा आकडा. आकडा जितका लहान तितका रस्ता आधी.

नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्राम) तारेच्या लॅनला १०० देतो, वायफायला ६००, खऱ्या मोडेमला ७००. पण हायलिंक डोंगल लॅन कार्डाच्या वेषात असतो, त्यामुळे तोही शंभराच्याच पंगतीत बसतो: एकाला १००, दुसऱ्याला १०१. कोण आधी जोडला गेला यावर घरची केबल असूनही सगळं डोंगलवरून जाऊ शकतं. म्हणून त्याला हाताने मागे बसवायचं. ‘एन-एम-सी-एल-आय कनेक्शन’ टंकून डोंगलच्या जोडणीचं नाव बघा, मग:

‘एन-एम-सी-एल-आय कनेक्शन मॉडिफाय “नाव” आय-पी-व्ही-४-डॉट-रूट-डॅश-मेट्रिक ७००’

हीच आज्ञा ४ च्या जागी ६ टाकून पुन्हा द्या, नाहीतर आयपीव्ही६ची वाहतूक जुन्याच रस्त्याने जात राहील. शेवटी ‘एन-एम-सी-एल-आय कनेक्शन अप “नाव”’.

दोन खाचखळगे सांगतो. घरचा राउटरही १९२.१६८.८ नेच सुरू होणारे पत्ते वाटत असेल, तर मेट्रिक बदलून भागणार नाही. एकाच पत्त्याची दोन घरं झाली, राउटरचे पत्ते बदलावे लागतील. दुसरं म्हणजे पुष्कळशा ई३३७२ हायलिंक डोंगलांवर एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) असतो, ०सी:५बी:८एफ:२७:९ए:६४. नाव मॅकवरून ठरणाऱ्या वितरणात असे दोन डोंगल एका मशीनला लावले, की नावावरूनच गोंधळ होतो. एका वेळी एकच लावा.

गावाकडे आणखी एक गोष्ट होते. तार तुटते ती बाहेर, घरातला राउटर मात्र दिवे लावून उभा असतो. लॅपटॉपला वाटतं लॅन शाबूत आहे. नेटवर्कमॅनेजरची जोडणी-तपासणी चालू असेल तर नेट नसलेल्या रस्त्याच्या मेट्रिकमध्ये तो २०,००० मिळवतो. १०० चे २०,१०० झालेले ‘आय-पी रूट’मध्ये दिसतात आणि डोंगल आपोआप पुढे येतो. उबुंटूत आणि फेडोराच्या डेस्कटॉपवर ही तपासणी सहसा चालूच असते. तसं न झालं तर लॅनची केबल उपटली की काम भागतं.

हे सगळं बरोबर असून वस्तू मध्येच गळत असतील

चालू वर्णनाच्या खिडकीत ‘डिस्कनेक्ट’ आणि लगेच नव्या क्रमांकाने तीच वस्तू, असं पुन्हा पुन्हा येत असेल, तर ड्रायव्हर सोडा आणि वीज बघा. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपियर देतं, यूएसबी ३ चं ९००. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर डोंगल आणि लॅन अडॅप्टर दोन्ही लावले तर त्यांना एकाच पोर्टची वीज वाटून घ्यावी लागते, आणि रेंज कमी असताना डोंगल जास्त ओढतो. दोघांना मशीनच्या दोन वेगळ्या पोर्टांवर लावा. शक्य तर विरुद्ध बाजूंना, कारण यूएसबी ३ च्या वस्तूंमधून निघणारा रेडिओ गोंगाट शेजारच्या बिनतारी यंत्रांना त्रास देतो. डोंगलला हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून तो खिडकीपाशी नेला तर रेंजही सुधारते.

मामाकडे शेवटची चाचणी आम्ही अशी घेतली. फोन काढलेला, मशीन नुकतंच चालू केलेलं, लॅन आणि डोंगल दोन्ही लावलेले. त्याला १९२.१६८.८.१ चं पान उघडायला लावलं, ते उघडलं. ‘आय-पी रूट’मध्ये लॅन १०० वर, डोंगल ७०० वर. मग व्हिडिओ कॉल चालू असतानाच मी म्हटलं, आता लॅनची केबल काढ. चित्र पाच-सहा सेकंद गोठलं. मग मामाचा आवाज आला, “काढली. ऐकू येतंय ना?”